नोकरी सांभाळून पीएमपी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या प्रमाणपत्रांबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं पीएमपी, म्हणजे पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल' या प्रमाणपत्राविषयी होती, आणि त्यातली बरीचशी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ऑफिसांमधून आणि कारखान्यांमधून. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

ऐरोलीत आयटी कंपनीत टीम लीड आहे, राहायला घोडबंदर रोडला. आठवड्यातून तीन रात्री अमेरिकेच्या टीमबरोबर कॉल असतात. घरात लहान मूल आहे. तीन महिन्यांत पीएमपी होईल का? नेमके किती तास लागतात?
— वाचक, कासारवडवली

होईल, पण आठवड्याला खरे दहा तास मिळाले तर. बारा आठवडे धरले की एकशेवीस तास होतात आणि काम करता करता तयारी करणाऱ्याला साधारण एवढे पुरतात. त्यातले ३५ तास तर प्रशिक्षणातच जातात, कारण ते अर्जासाठी सक्तीचे आहेत. म्हणजे स्वतःच्या अभ्यासाला उरतात पंच्याऐंशी.

हे दहा तास कुठून काढायचे ते आधी कागदावर मांडा. सोमवार ते शुक्रवार सकाळी पाऊण तास, शनिवारी तीन तास आणि रविवारी तीन तास, एवढ्यात पावणेदहा तास होतात. रात्रीचा कॉल संपल्यावर अभ्यासाला बसू नका. साडेअकराला वाचलेलं पान सकाळी आठवत नाही, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही हातची जाते. कॉलच्या रात्रीनंतरची सकाळ सरळ सोडून द्या आणि तो वेळ शनिवारी भरून काढा. घरच्यांशीही आधीच बोला. बारा आठवडे शनिवारी सकाळी तीन तास मुलाकडे कोण बघणार, हे पहिल्या दिवशी ठरलेलं नसलं तर चौथ्या आठवड्यात वेळापत्रक कोलमडतं.

प्रवासाचा वेळ नव्या वाचनासाठी धरू नका. कंपनीच्या बसमध्ये किंवा ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत उभं राहून नवा विषय डोक्यात शिरत नाही. तिथे जमतं ते चुकलेले प्रश्न पुन्हा चाळणं. त्यासाठी फोनमध्ये चुकांची एक वही ठेवा. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

बारा आठवडे असे वाटा. पहिले चार-पाच आठवडे प्रशिक्षणाचे, पण प्रत्येक भागानंतर त्याच आठवड्यात वीस-तीस प्रश्न सोडवायचेच. पुढचे तीन आठवडे अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करण्याच्या) आणि हायब्रिड (पारंपरिक आणि अजाइल मिळून) पद्धतींना आणि जे विषय रोजच्या कामात येत नाहीत त्यांना द्या. आयटीवाल्यांना खरेदी-करार आणि खर्चाचं नियोजन कच्चं असतं, बांधकाम आणि कारखान्यातल्यांना अजाइल. शेवटचे चार आठवडे मॉक (सराव परीक्षा) आणि त्यांची चिरफाड.

सगळ्यात जास्त तयाऱ्या फसतात त्या तारीख न घेतल्यामुळे. प्रशिक्षण संपतं, प्रमाणपत्र फाईलला लागतं, "अजून थोडा अभ्यास झाला की तारीख घेतो" म्हणता म्हणता चार महिने जातात आणि सुरुवातीचं सगळं पुसलं जातं. अर्ज मंजूर झाला की त्याच आठवड्यात तारीख घ्या. घेताना ऑफिसचं कॅलेंडर समोर ठेवा. मार्चअखेर, तिमाहीचा शेवट, गो-लाइव्हचे (नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू करण्याचे) आठवडे आणि गणपती टाळा. तारीख बदलता येते, पण परीक्षा तीस दिवसांच्या आत आली असेल तर त्यासाठी ७० डॉलर पडतात, आणि शेवटच्या ४८ तासांत रद्द केली तर सगळी फी जाते. म्हणून परीक्षेच्या पाच आठवडे आधी एकदा थांबून ठरवा, ही तारीख पेलणार की नाही. त्या दिवशी निर्णय फुकट असतो.

तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर आहे. माझा हुद्दा सीनियर इंजिनिअर आहे, प्रोजेक्ट मॅनेजर नाही. अर्ज चालेल का? शिवाय आधीची कंपनी बंद पडली आहे. तिथल्या साहेबांची सही लागली तर काय करायचं?
— वाचक, खारघर

हुद्दा बघितला जात नाही, काम बघितलं जातं. प्रोजेक्ट तुम्ही चालवलात का, माणसं आणि कंत्राटदार हलवलेत का, वेळ-खर्च-दर्जाचे निर्णय तुमच्याकडे होते का, एवढंच महत्त्वाचं. पदवीधराला असा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. महिने मोजताना एक महिना एकदाच धरतात. जानेवारी ते डिसेंबर एक प्रोजेक्ट आणि जुलै ते पुढच्या जूनपर्यंत दुसरा असेल तर बेरीज चोवीस होत नाही, अठराच होते. बरेच अर्ज इथे कमी पडतात.

कारखान्यातल्या माणसाने आणखी एक फरक लक्षात घ्यावा. रोजची शिफ्ट, नेहमीचं मेंटेनन्स हे प्रोजेक्ट नव्हे, कारण त्याला शेवट नसतो. वार्षिक शटडाऊन मात्र प्रोजेक्ट आहे. त्याला सुरुवात आणि शेवट आहे, बजेट आहे, कामांची यादी आहे, उत्पादन पुन्हा सुरू करून द्यायची तारीख आहे. नवा रिअॅक्टर बसवणं, सांडपाणी प्रक्रियेची क्षमता वाढवणं, बॉयलर बदलणं ही सगळी कामं चालतात.

प्रत्येक प्रोजेक्टचं वर्णन २०० ते ५०० शब्दांत इंग्रजीत लिहायचं असतं. त्यात पाच गोष्टी याव्यात : प्रोजेक्टचा उद्देश, तुमची भूमिका, तुम्ही काय काय केलंत, हाती काय पडलं, आणि कालावधी-बजेट. "प्लांटच्या विस्ताराच्या कामावर होतो, वेंडरशी समन्वय केला" असं लिहिलं तर अर्ज परत येण्याचीच शक्यता जास्त. त्याऐवजी या धर्तीवर लिहा : "कामाची व्याप्ती उत्पादन आणि सेफ्टी विभागांबरोबर बसून ठरवली. कामं छोट्या भागांत तोडून वेळापत्रक तयार केलं. पाइपिंग आणि इलेक्ट्रिकल कंत्राटदारांची निवड आणि देखरेख केली. उंचीवरच्या कामाच्या जोखमा नोंदवून उपाय ठरवले. बदलाच्या प्रत्येक मागणीचा खर्च आणि वेळेवरचा परिणाम काढून मंजुरी घेतली. चाचण्या पूर्ण करून प्लांट उत्पादन विभागाच्या ताब्यात दिला." प्रत्येक वाक्याचा कर्ता तुम्ही. आपल्याकडे नम्रतेपोटी सगळं "आम्ही केलं" असं लिहिलं जातं. इथे टीमने काय केलं ते विचारलेलं नाही.

सहीचं म्हणाल तर आलेल्या अर्जांतून काही अर्ज ऑडिटसाठी (कागदपत्रांच्या पडताळणीसाठी) चिठ्ठी टाकल्यासारखे उचलले जातात, त्यात तुमच्यावर संशय नसतो. कागद द्यायला ९० दिवस मिळतात. पदवीची प्रत, ३५ तासांचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी तुमचं काम माहीत असलेल्या माणसाची सही लागते. कंपनी बंद झाली तरी माणूस आहे. तो आज कुठेही नोकरी करत असो, त्या काळात तुमचं काम त्याने पाहिलं असेल तर तो सही करू शकतो. म्हणून अर्ज पाठवण्याआधीच प्रत्येकाला फोन करा, तुम्ही लिहिलेलं वर्णन त्यांना वाचायला द्या आणि तारखा जुळवून घ्या. ऑडिट आल्यावर फोन करणाऱ्याची धावपळ होते, आणि तुमच्या आणि साहेबांच्या महिन्यांत फरक निघाला की प्रकरण अडकतं.

नावाकडेही आत्ताच बघा. आपल्याकडे पासपोर्टवर एक नाव असतं, पदवीवर वडिलांच्या नावासकट दुसरं, लग्नानंतर बँकेत तिसरं. पीएमआयच्या खात्यातलं नाव परीक्षेला न्यायच्या ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे. ओळखपत्रावर फोटो आणि सही दोन्ही हवेत, त्यामुळे पासपोर्ट सगळ्यात सोपा. आधारवर सही नसते. खातं उघडतानाच पासपोर्ट समोर ठेवून नाव टाका.

पीएमबॉकची कोणती आवृत्ती वाचायची? सहाव्यातल्या ४९ प्रक्रिया इनपुट-आउटपुटसकट पाठ कराव्यात का?
— वाचक, वाशी

पाठ करू नका. पीएमबॉक हे पीएमआयचं मूळ मार्गदर्शक पुस्तक. त्याच्या २०१७च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया आहेत, २०२१च्या सातव्या आवृत्तीत मांडणीच बदलली आणि १२ तत्त्वं, ८ कार्यक्षेत्रं आली. पण परीक्षा या पुस्तकांवरून काढलेली नसते. ती एक्झाम कंटेंट आउटलाइन नावाच्या आराखड्यावरून काढतात. तो पीएमआयच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, आणि अनेक जण तो न उघडताच परीक्षेला जातात हे बघून वाईट वाटतं. आधी तो छापून भिंतीला लावा.

आराखडा कोणता, हे तुमच्या परीक्षेच्या तारखेवर ठरतं. जानेवारी २०२१पासूनच्या आराखड्यात माणसं ४२ टक्के, प्रक्रिया ५० टक्के आणि व्यवसायाचं वातावरण ८ टक्के, अशी वाटणी होती. जुलै २०२६च्या नव्या आराखड्यात ती ३३, ४१ आणि २६ अशी आहे. हा फरक लहान नाही. नियम-कायद्यांचं पालन, प्रोजेक्टमधून कंपनीला मिळणारा फायदा, बाहेरच्या बदलांचा परिणाम हे विषय पूर्वी शेवटच्या दोन दिवसांत उरकले जायचे, ते आता चौथा हिस्सा व्यापतात. मित्राने दिलेल्या जुन्या नोट्स आणि जुने मॉक वापरणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

पुस्तकं वाचायची तर सगळी नको. एक मार्गदर्शक पुस्तक आणि अजाइल प्रॅक्टिस गाइड पुरेसं आहे. प्रक्रियांचा क्रम समजून घ्या. चार्टर (प्रोजेक्टला मंजुरी देणारा कागद) कशासाठी, व्याप्ती ठरल्याशिवाय वेळापत्रक का करता येत नाही, बेसलाइन (मंजूर झालेली मूळ योजना) कधी गोठते, बदल आला की तो कुठून कुठे जातो, हे फळ्यावर न बघता काढता आलं म्हणजे झालं.

चौदा वर्षांचा अनुभव आहे, तरी मॉकमध्ये ६० ते ६२ टक्क्यांवर अडकलो आहे. माझ्यापेक्षा लहान सहकाऱ्याला ७५ मिळतात. चूक काय होते तेच कळत नाही.
— वाचक, घणसोली

तुमच्या ज्ञानापेक्षा तुमच्या सवयींमुळे गुण जात असावेत. या परीक्षेतले बहुतेक प्रश्न प्रसंगाचे असतात. चार पर्याय, त्यातले दोन उघड चूक, उरलेले दोन्ही बरोबर वाटणारे. ऑफिसात तुम्ही जे केलं असतं ते बहुधा त्या दोनांतलं चुकीचं असतं. एक उदाहरण घ्या.

महाप्याच्या एका गोदामासाठी सॉफ्टवेअर बसवलं जातं आहे. काम पारंपरिक पद्धतीने, मंजूर बेसलाइन घेऊन चाललं आहे. ग्राहकाच्या ऑपरेशन्स प्रमुखाने परस्पर तुमच्या डेव्हलपरला सांगून रिपोर्टमध्ये एक नवा रकाना घालायला लावला. काम अर्धं झालं आहे. तुम्हाला आज कळलं. आधी काय कराल?
पहिला पर्याय : स्पॉन्सरला (प्रोजेक्टला पैसा आणि पाठबळ देणाऱ्या वरिष्ठाला) कळवाल.
दुसरा : छोटंच काम आहे, डेव्हलपरला पूर्ण करू द्याल, म्हणजे ग्राहक नाराज होणार नाही.
तिसरा : काम थांबवून ऑपरेशन्स प्रमुख आणि डेव्हलपरशी बोलाल, मागणी नीट समजून तिचा परिणाम काढाल आणि ती बदल-नियंत्रणाच्या वाटेने न्याल.
चौथा : डेव्हलपरच्या विभागप्रमुखाकडे तक्रार कराल.

आपल्या ऑफिसांत बहुतेक जण दुसरं करतात आणि नातं टिकलं म्हणून समाधान मानतात. जे तसं करत नाहीत ते पहिलं करतात, कारण साहेबांच्या कानावर घातलेलं बरं. उत्तर तिसरं आहे. परीक्षेतला प्रोजेक्ट मॅनेजर आपल्या अधिकारातलं काम आधी स्वतः करतो. माहिती घेतो, संबंधित माणसाशी थेट बोलतो, परिणाम मोजतो, मग ठरलेल्या वाटेने जातो. न बघता वर पाठवणं आणि न बघता हो म्हणणं, दोन्ही त्याला मान्य नाही.

आता त्याच प्रश्नात काम स्क्रम या अजाइल पद्धतीने चाललं आहे असं समजा. उत्तर बदलतं. मागणी प्रॉडक्ट ओनरकडे (कामांचा क्रम ठरवणाऱ्याकडे) जाते, तो बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) तिची जागा ठरवतो, चालू स्प्रिंटमध्ये (ठरावीक छोट्या टप्प्यात) ती परस्पर शिरत नाही. म्हणजे प्रश्न वाचताना पहिलं काम हे ओळखायचं की प्रोजेक्ट कोणत्या पद्धतीने चालला आहे. स्प्रिंट, बॅकलॉग, रेट्रोस्पेक्टिव्ह (टप्प्याअखेरचा आढावा) हे शब्द दिसले की एक रस्ता. बेसलाइन, चेंज कंट्रोल बोर्ड (बदलांना मंजुरी देणारी समिती) दिसले की दुसरा. ज्यांचे गुण अडकतात ते बरेचदा इथेच घसरतात.

वर कधी पाठवायचं? बदल चार्टरमधल्या उद्दिष्टालाच हात लावत असेल, जोखीम प्रोजेक्टच्या कक्षेबाहेरची असेल, किंवा दोन विभागांच्या भांडणात तुमचा अधिकार संपला असेल तेव्हा. सुरक्षेचा किंवा कायदा मोडण्याचा प्रश्न असला तर थांबायचंच नाही.

आणखी तीन जागा अशाच. जोखीम अजून घडलेली नसते, अडचण घडून गेलेली असते. आधी नोंदवलेली जोखीम प्रत्यक्षात आली तर नवी बैठक बोलवायची नाही, ठरवून ठेवलेला उपाय अमलात आणायचा आणि इश्यू लॉगमध्ये (अडचणींच्या नोंदवहीत) नोंद करायची. टीममधला एखादा जण दोन स्प्रिंट डेली स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीला) येत नसेल तर आधी त्याच्याशी एकट्याशी बोलायचं, कारण समजून घ्यायचं. सगळ्यांसमोर विचारणं किंवा थेट त्याच्या मॅनेजरला मेल करणं चूक. आणि प्रश्नाचं शेवटचं वाक्य नीट बघा. आता काय कराल आणि आधी काय करायला हवं होतं, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी असतात. दुसऱ्या प्रकारात दुरुस्तीचा पर्याय मोहात पाडतो, पण उत्तर असतं ते नियोजनाच्या टप्प्यावर राहून गेलेल्या कामाचं.

आता चुकांची वही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी चार गोष्टी लिहा : विषय, मी हा पर्याय का निवडला, बरोबर पर्याय का बरोबर, आणि चूक कोणत्या प्रकारची. प्रकार चारच ठेवा : माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, सवयीने उत्तर दिलं, वेळ संपत आला होता. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही याच वहीत घ्या. दोन मॉकनंतर वही स्वतःच सांगते काय करायचं ते. "माहिती नव्हती" जास्त असेल तर पुस्तकाकडे परत जा. "सवयीने" जास्त असेल तर आणखी वाचून काहीच बदलणार नाही, रोज दहा प्रश्न घ्या आणि चारही पर्याय का बरोबर किंवा का चूक ते मोठ्याने सांगा. मॉक सोडवायला चार तास लागले तर तपासायला सहा-सात तास द्या. आठवड्याला एकच मॉक घ्या. तीन मॉक देऊन एकही न तपासणारा माणूस त्याच टक्क्यांवर राहतो.

प्रश्नसंच कोणता, हेही सांगतो. पीएमआयचा स्वतःचा स्टडी हॉल घ्या, परीक्षेच्या भाषेच्या सगळ्यात जवळचा तोच आहे. त्यात "एक्स्पर्ट" पातळीचे प्रश्न आहेत, त्यांच्यावर रडू नका, ते चुकले तरी चालतात. पास होण्याची टक्केवारी पीएमआय जाहीर करत नाही, त्यामुळे कोणताही आकडा अंदाजच असतो. आमच्या मते पहिल्यांदाच पाहिलेल्या दोन पूर्ण मॉकमध्ये सत्तरच्या आसपास गुण आले, तर परीक्षेला जावं. तोच मॉक दुसऱ्यांदा देऊन मिळालेले ८५ टक्के मोजू नका. त्यातली निम्मी उत्तरं आठवणीतून आलेली असतात.

गणितं किती येतात? शाळेपासून आकड्यांची भीती आहे.
— वाचक, ठाणे

थोडी. भीतीपोटी तीन आठवडे सूत्रांवर घालवू नका, दोन रविवार पुरतात. सूत्र पाठ असण्यापेक्षा आलेल्या आकड्याचा अर्थ सांगता येणं महत्त्वाचं.

समजा वागळे इस्टेटमध्ये ६० लाखांचं काम चालू आहे. आजपर्यंत ३० लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं २४ लाखांच्या किमतीचं, आणि खर्च झाला ३२ लाख. २४ भागिले ३० म्हणजे एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक) ०.८, काम मागे आहे. २४ भागिले ३२ म्हणजे सीपीआय (खर्चाचा निर्देशांक) ०.७५, रुपयामागे बारा आण्यांचंच काम होतं आहे. हाच वेग राहिला तर शेवटचा खर्च ६० भागिले ०.७५, म्हणजे ८० लाख. पण जादा खर्च एकदाच झालेल्या कारणाने असेल, म्हणजे एखादं यंत्र बिघडलं आणि पुढे तसं होणार नसेल, तर उरलेलं ३६ लाखांचं काम ठरलेल्या दरानेच होईल आणि शेवट ३२ अधिक ३६, म्हणजे ६८ लाखांवर येईल. दोन उत्तरांत १२ लाखांचा फरक आहे, आणि तो ठरवतं प्रश्नातलं एक वाक्य.

याशिवाय तीन अंदाजांची सरासरी : आशावादी ४ दिवस, बहुधा ७, निराशावादी १६, तर ४ अधिक २८ (सातची चौपट) अधिक १६, या बेरजेला भागिले ६, म्हणजे ८ दिवस. संवादाच्या वाटा, म्हणजे एकमेकांशी बोलू शकणाऱ्या जोड्या : ६ जणांत १५, ९ जणांत ३६. आणि क्रिटिकल पाथ (प्रोजेक्टचा कालावधी ठरवणारी कामांची सगळ्यात लांब साखळी), तोही पाच-सहा कामांच्या छोट्या जाळ्यावर हाताने काढून बघितला की पुरे.

शिक्षण मराठी माध्यमातलं. कामापुरतं इंग्रजी येतं, पण लांब प्रश्न वाचायला वेळ लागतो. १८० प्रश्न वेळेत होतील?
— वाचक, कळवा

होतील, पण वाचनाचा सराव वेगळा करावा लागेल. आधी शेवटचं वाक्य वाचा, म्हणजे काय विचारलं आहे ते कळतं. मग वरचा प्रसंग वाचा आणि तीन गोष्टी टिपा : पद्धत कोणती, टप्पा कोणता, अडचण कोणाची. मग पर्याय. पहिले दोन आठवडे घड्याळ न लावता सराव करा, तिसऱ्या आठवड्यापासून २० प्रश्न २५ मिनिटांत. परीक्षेचे ठरावीक शब्द शे-दीडशेच आहेत, तेच पुन्हा पुन्हा येतात. अर्थ मराठीत लिहून ठेवलात तरी हरकत नाही, पण प्रश्न सोडवताना मनात भाषांतर करायची सवय लावू नका, तिथे वेळ जातो.

जानेवारी २०२१च्या आराखड्यातल्या २३० मिनिटांच्या पेपराचा हिशोब असा : ६० प्रश्न झाल्यावर १५४ मिनिटं उरलेली हवीत, १२० झाल्यावर ७७. उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. दीड मिनिटात उत्तर सापडलं नाही तर एक पर्याय निवडा, खूण करा आणि पुढे जा. साठ-साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांची सुट्टी मिळते, ती वेळेत धरत नाहीत. पण सुट्टीवर गेलात की मागच्या साठ प्रश्नांकडे परत येता येत नाही, म्हणून खुणा केलेले प्रश्न आधीच बघून घ्या. दोन्ही सुट्ट्या घ्याच. पाणी प्या, खजूर खा, खिडकीबाहेर बघा. शेवटच्या साठांत गुण जातात ते थकव्यामुळे.

परीक्षा घरून द्यावी की केंद्रावर?
— वाचक, कोपरखैरणे

जमत असेल तर केंद्रावर. पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की जवळची केंद्रं आणि मोकळ्या तारखा दिसतात. शनिवार-रविवार लवकर भरतात, म्हणून आठवड्यातला एखादा दिवस रजा टाकून घ्या. पावसाळ्यात परीक्षा असेल तर केंद्र तुमच्या बाजूचंच निवडा. ज्या दिवशी रुळांवर पाणी येतं त्या दिवशी ठाण्याहून दादरपलीकडे वेळेत पोचण्याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

घरूनच द्यायची असेल तर अट साधी आहे : चार तास त्या खोलीत दुसरं कुणी येता कामा नये. दोन खोल्यांच्या घरात ही अट पाळणं अवघड असतं. दाराची कडी लावा, बेलचा स्विच बंद करा, कामवाल्या बाईंना आणि इस्त्रीवाल्याला आदल्या दिवशी सांगा. टेबलावर काही नको, दुसरा मॉनिटर नको, कागद-पेन चालत नाही, कच्चं काम पडद्यावरच्या फळ्यावर करायचं. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर आत्तापासून मोडा. निरीक्षक त्यावर हरकत घेतात. ऑफिसचा लॅपटॉप अजिबात वापरू नका, त्यातलं व्हीपीएन आणि सुरक्षा सॉफ्टवेअर परीक्षेचा प्रोग्राम अडवतं. घरच्या लॅपटॉपवर आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीत सिस्टिम टेस्ट करा. राउटर इन्व्हर्टरवर आहे का तेही बघा. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो आणि इंटरनेट जातं, हे बऱ्याच घरांत होतं. परीक्षेच्या अर्धा तास आधी चेक-इन सुरू होतं, तेव्हाच बसा.

पहिल्या प्रयत्नात नापास झालो. लगेच पुन्हा देऊ का?
— वाचक, पनवेल

दोन आठवडे थांबा, मग ठरवा. अर्ज मंजूर झाल्यापासून एका वर्षात तीन प्रयत्न मिळतात, आणि पुन्हा देण्याची फी पहिल्यापेक्षा कमी असते. निकालात प्रत्येक विभागासमोर चारपैकी एक शेरा असतो : लक्ष्याच्या वर, लक्ष्याइतका, लक्ष्याखाली, सुधारणा हवी. जिथे शेवटचे दोन शेरे आहेत तिथल्या आराखड्यातल्या कामांची यादी काढा आणि तेवढ्यावरच चार ते सहा आठवडे द्या. दुसरा क्लास लावू नका. त्याच गोष्टी दुसऱ्या आवाजात ऐकायला मिळतात, आणि आपण काहीतरी करतो आहोत असं वाटत राहतं.

नुकतीच नोकरी लागली आहे, अनुभव नाही. आत्तापासून काय करता येईल?
— वाचक, नेरूळ

सीएपीएम करा, ती पीएमआयचीच सुरुवातीच्या पातळीची परीक्षा आहे. तिला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण लागतं, १५० प्रश्न आणि तीन तास असतात. पुढे पीएमपीचा अर्ज करताना सीएपीएम चालू असेल तर ३५ तासांची अट वेगळी पुरी करावी लागत नाही. त्याबरोबर आजपासून प्रत्येक प्रोजेक्टची नोंद ठेवा : सुरुवात, शेवट, बजेट, तुमचं काम, साहेबांचं नाव आणि त्यांचा खाजगी नंबर. कंपनीचा मेल नोकरी सोडताच बंद होतो.

पास झाल्यावर प्रमाणपत्र कायम राहतं का?
— वाचक, सीवूड्स

नाही. दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (शिकण्या-शिकवण्यासाठी मिळणारे गुण) भरावे लागतात. त्यातले किमान ३५ शिकण्याचे, आणि त्या पस्तीसांत कामाच्या पद्धती, माणसं हाताळण्याचं कौशल्य, व्यवसायाची जाण या तिन्ही बाजूंना किमान आठ-आठ. उरलेले २५ पर्यंत तुम्ही इतरांना देता त्यातून येतात : शिकवणं, लिहिणं, स्वयंसेवा. नेहमीची नोकरी करता म्हणूनही पीडीयू मिळतात, पण पूर्ण तीन वर्षांत आठच. एक तास म्हणजे साधारण एक पीडीयू. पीएमआयच्या मुंबई चॅप्टरच्या सभा-व्याख्यानांतून आणि संकेतस्थळावरच्या वेबिनारमधून बरेचसे सहज जमतात. शेवटच्या वर्षात साठच्या वर गेलात तर त्यातले २० पर्यंत पुढच्या तीन वर्षांच्या खात्यात धरले जातात. प्रत्येक कार्यक्रम झाल्या दिवशीच नोंदवा आणि उपस्थितीचं प्रमाणपत्र जपून ठेवा, कारण ऑडिट या नोंदींचंही होतं.